मत जगाचं, कचरा बैरुतचा

७ डिसेंबर २०१४ ला दुबईत एक निकाल जाहीर झाला. न्यू सेव्हन वंडर्स नावाचं एक खाजगी फाउंडेशन आहे, बर्नार्ड वेबर नावाच्या स्विस-कॅनेडियन माणसाने काढलेलं, त्यांनी जगभरातल्या लोकांकडून मतं मागवून सात 'वंडर सिटी' निवडल्या. बैरुत, दोहा, डर्बन, हवाना, क्वालालंपूर, बोलिव्हियातलं ला पाझ आणि विगान. यातलं विगान नेमकं कुठे आहे हे नकाशा न उघडता सांगणारं माझ्या ओळखीत कोणी नाही (फिलिपिन्समध्ये आहे, सांगते पुढे). पॅरिस नाही, रोम नाही, इस्तंबूल नाही, क्योटो नाही. आपल्या देशातलं तर एकही नाही, त्यामुळे आपल्याकडे त्या बातमीला फारसं कोणी विचारलंच नाही.

आता यावर सरळ टीका करायची तर ती सोपी आहे, की बघा काय यादी, यांना काय कळतं वगैरे. मला ती करायची नाहीये. उलट पॅरिस-लंडन सोडून ला पाझ आणि विगान वर आले हे वाचून मला जरा बरंच वाटलं होतं. माझा मुद्दा वेगळा आहे. एखाद्या शहराबद्दल मत द्यायचा हक्क कोणाचा? जो त्या शहरात राहतो, तिथलं पाणी पितो, तिथल्या ट्रॅफिकमध्ये अडकतो त्याचा, की सात समुद्रापलीकडे मोबाईल घेऊन बसलेल्याचा? आणि मला दिसतं असं, की त्या सात शहरांपैकी निदान तिघांत, जगातला कोणीही माणूस त्या शहराला मत देऊ शकत होता, पण त्या शहरात राहणाऱ्या बऱ्याच माणसांना स्वतःच्याच शहराबद्दल धड मत देता येत नव्हतं.

बैरुतचंच घ्या. निकाल लागला तेव्हा लेबनॉनला राष्ट्राध्यक्ष नव्हता, मे २०१४ पासून खुर्ची रिकामी होती ती पुढे ऑक्टोबर २०१६ पर्यंत रिकामीच राहिली. शेजारच्या सीरियातून दहा लाखांच्या वर निर्वासित त्या एवढ्याशा देशात आलेले. अशात 'वंडर सिटी' म्हटल्यावर लोकांना आनंद झाला असणारच, होणारच, यादवी युद्धातून उठून उभं राहिलेलं शहर आहे ते. पण सात महिने गेले आणि १७ जुलै २०१५ ला शहराचा कचरा जिथे जायचा ते नाअमेचं डम्पिंग ग्राउंड बंद झालं. ते कधीच भरून वाहत होतं, तिथले गावकरी वर्षानुवर्षं ओरडत होते, आणि सरकारने दुसरी जागा बघितलेलीच नव्हती. मग कचरा उचलणंच थांबलं. भर जुलैच्या उकाड्यात रस्त्याच्या कडेने पिशव्यांचे ढीग, काही ठिकाणी पुलाखाली, काही ठिकाणी नदीच्या पात्रात, लोक नाकाला रुमाल लावून चाललेत, कोणी वैतागून ढिगाला काडी लावली की तो धूर घराघरात. हे आठवडाभर नाही, कित्येक महिने चाललं. लोक रस्त्यावर उतरले, त्या आंदोलनाचं नावच होतं 'तुमची घाण येतेय', आणि ते कचऱ्याला उद्देशून नव्हतं हे सांगायला नकोच.

या आंदोलनाच्याच वातावरणातून पुढच्या वर्षी, मे २०१६ मध्ये, 'बैरुत मदिनाती' नावाने शिकल्यासवरल्या साध्या नागरिकांनी एक पॅनेल उभं केलं, शिक्षक, आर्किटेक्ट, कलाकार अशी माणसं, आणि म्युनिसिपालिटीची निवडणूक लढवली. हरले. चोवीसच्या चोवीस जागा प्रस्थापितांच्या पॅनेलला गेल्या. मतदान झालं साधारण वीस टक्के. आता वाटेल की बघा, लोकच उदासीन. पण तिथली गंमत (गंमत कसली, चीड येते) अशी आहे की लेबनॉनमध्ये तुम्ही जिथे राहता तिथे तुमचं मत नसतं, तुमचं कुळ ज्या गावचं तिथे असतं. म्हणजे आज्जापणजा दक्षिणेकडच्या एखाद्या खेड्यातला असेल तर तुम्ही बैरुतमध्ये जन्मलात, वाढलात, फ्लॅट घेतलात, तिथेच टॅक्स भरताय, तरी म्युनिसिपालिटीसाठी मत द्यायला त्या खेड्यात जायचं. आपल्याकडे हा नियम लावला तर निम्म्या मुंबईला मत द्यायला सातारा, रत्नागिरी, आझमगड आणि दरभंग्याला जावं लागेल. बैरुतमध्ये राहणाऱ्या कितीतरी लोकांना कचऱ्याबद्दल मत नव्हतंच. वंडर सिटीबद्दल मात्र होतं. तेही मनिला किंवा म्युनिकमध्ये बसलेल्या माणसाइतकंच.

दोह्याचं तर विचारूच नका. कतारमध्ये राहणाऱ्या लोकांपैकी कतारी नागरिक साधारण दहा-बारा टक्के. बाकी सगळे बाहेरून कामाला आलेले, भारत, नेपाळ, बांगलादेश, फिलिपिन्स. तिथे सेंट्रल म्युनिसिपल कौन्सिलची निवडणूक १९९९ पासून होते, मतदान फक्त नागरिकांना. ज्यांनी ते टॉवर बांधले, ज्यांच्यात आपल्या कोकणातलीही माणसं आहेत, रत्नागिरी-रायगडच्या मोहल्ल्यांत घरटी एकजण तरी आखातात असतो, त्यांना कफाला पद्धतीत मालकाच्या परवानगीशिवाय नोकरी बदलता येत नव्हती, देश सोडून घरी यायलासुद्धा मालकाचा परवाना लागायचा. नंतर फुटबॉल वर्ल्ड कपच्या निमित्ताने जगभर बोंब झाली तेव्हा कायदे बदलले, बरेचसे २०२० पर्यंत. पण २०१४ साली जेव्हा दोहा वंडर ठरलं तेव्हा हे सगळं जागच्या जागी होतं. मतपेटीला ते दिसत नाही, तिला फक्त आकाशरेषा दिसते.

आणि हवाना. मतदान मुख्यतः इंटरनेटवर, आणि २०१४ च्या क्युबात घरी इंटरनेट म्हणजे जवळजवळ अशक्य गोष्ट, सरकारी केंद्रात जाऊन तासाला भलते पैसे भरून मेल बघायचे दिवस, चौकाचौकात वायफाय यायला २०१५ उजाडलं. मग हवानाला निवडून कोणी दिलं? बाहेरच्यांनी, दुसरं कोण. ज्यांच्या डोक्यात जुन्या रंगीत अमेरिकन गाड्या आणि पोपडे उडालेल्या भिंती म्हणजे रोमँटिक. त्या पोपडे उडालेल्या भिंती पावसात कोसळतात आणि त्याखाली माणसं राहतात. जुन्या हवानाचं जे काही वाचलं ते मतांनी वाचलेलं नाही, एउसेबिओ लेआल नावाच्या माणसाने वाचवलं, तो शहराचा अधिकृत इतिहासकार होता, आणि सोव्हिएत रशिया कोसळल्यावर देशाकडे दमडी नसताना १९९३ मध्ये त्याच्या ऑफिसला जुन्या शहरातली हॉटेलं-रेस्टॉरंटं चालवायची आणि त्यातला पैसा दुरुस्तीत घालायची परवानगी मिळाली. म्हणजे पर्यटकाचा पैसा थेट त्याच गल्लीतल्या छपरावर. याला म्हणतात शहराचं काम. त्यात उणिवा होत्या, सगळ्या गल्ल्यांपर्यंत पैसा पोचला नाही, पण निदान एक यंत्रणा होती.

हे एवढं ऐकल्यावर कोणीतरी म्हणणारच की अगं, एवढं काय सीरियस घेतेस, मजेचा भाग आहे, लोकांना आपल्या शहराचा अभिमान वाटतो तर वाटू दे की. मान्य, अभिमानाबद्दल माझी काही तक्रार नाही. पण या मजेचा हिशोब एकदा बघून घ्या.

२००७ चं आठवत असेल, याच फाउंडेशनच्या नव्या सात आश्चर्यांच्या स्पर्धेत ताजमहालासाठी आपण सगळे एसेमेस करत सुटलो होतो. न्यूज चॅनेलवाले दिवसभर आवाहन करायचे, नाही केलं तर देशद्रोहच जणू. ७ जुलै २००७, म्हणजे सात-सात-सात, लिस्बनच्या फुटबॉल स्टेडियमवर निकाल. एकूण दहा कोटींच्या वर मतं पडली असं फाउंडेशनने सांगितलं. पण दहा कोटी मतं म्हणजे दहा कोटी माणसं नव्हेत, कारण फोन आणि एसेमेस एका माणसाने कितीही वेळा करावेत, अडवणारं कोणी नाही. जॉर्डनची लोकसंख्या तेव्हा सत्तर लाखांच्या आत, आणि तिथल्या पेट्रा या प्राचीन शहराला देशातूनच लोकसंख्येच्या दुप्पट मतं पडल्याचं तेव्हा छापून आलं होतं. इजिप्तवाले तर भडकलेच, प्राचीन सात आश्चर्यांपैकी एकटा शिल्लक राहिलेला आमचा पिरॅमिड, त्याने आता इलेक्शनला उभं राहायचं का? शेवटी त्याला मानाची जागा देऊन विषय मिटवला, बिनविरोध म्हणा ना. युनेस्कोने जून २००७ मध्येच पत्रक काढून हात झटकले होते, की हा खाजगी उपक्रम आहे, आमचा याच्याशी संबंध नाही, आणि यात फक्त इंटरनेट असलेल्यांचं मत दिसतं, सगळ्या जगाचं नाही.

मग २०११ ला निसर्गातली सात आश्चर्यं. इथे तर पडद्यामागचं बरंच बाहेर आलं. मालदीवच्या सरकारने मे २०११ मध्ये अंग काढून घेतलं, का, तर स्पर्धेच्या नावाने एकामागून एक खर्च पुढे यायला लागले जे आधी कोणी बोललं नव्हतं. इंडोनेशियाच्या पर्यटन मंत्रालयाचं म्हणणं असं की सोहळ्याचं यजमानपद घ्या म्हणून एक कोटी डॉलरची लायसन्स फी मागितली गेली, सोहळ्याचा खर्च आणखी वेगळा. फाउंडेशनने आपली बाजू मांडली, भांडण झालं, त्यांचं कोमोडो बेट तरीही जिंकलं. दक्षिण कोरियात जेजू बेटासाठी सरकारी ऑफिसांतले कर्मचारी फोन लावत बसले होते, बिल पब्लिकच्या पैशातून, आणि नंतर तो मतदानाचा 'इंटरनॅशनल' नंबर खरंच इंटरनॅशनल होता का यावरून तिथल्या टेलिफोन कंपनीवर वेगळाच वाद उभा राहिला. म्हणजे मत फुकट असतं हा आपला गैरसमज. कोणीतरी बिल भरतंच, आणि बहुतेक वेळा तो करदाता असतो ज्याच्या गल्लीतला दिवा बंद आहे.

आता विगान. हे मी मुद्दाम मागे ठेवलं कारण माझ्या म्हणण्याला छेद देणारं हेच एक उदाहरण आहे आणि ते लपवणं बरं नाही. फिलिपिन्सच्या उत्तरेला इलोकोस सूर प्रांतातलं हे गाव, हो गावच, पन्नास हजारांच्या आसपास वस्ती. स्पॅनिश अमदानीतली घरं, खाली दगडी-विटांचं बांधकाम, वर लाकडी मजला, खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्याची पातळ पारदर्शक तावदानं, मुख्य रस्त्यावर फरसबंदी आणि त्यावरून चालणारे टांगे. १९९९ पासून वर्ल्ड हेरिटेज यादीत आहे. दुसऱ्या महायुद्धात मनिलाचं जुनं शहर बेचिराख झालं, विगान मात्र बचावलं. आणि हे गाव लंडन-शिकागो-बार्सिलोना यांना मागे टाकून पहिल्या सातात आलं! कसं आलं, तर फिलिपिनो माणूस जगभर पसरलेला आहे, नर्स म्हणून, खलाशी म्हणून, घरकामाला म्हणून, आणि मोबाईलवर एसेमेस करण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नाही. त्यांनी आधी २०११ ला पुएर्तो प्रिन्सेसाची भूमिगत नदी जिंकून दिली होती, २०१४ ला विगान. घरापासून लांब राहून राबणाऱ्या माणसाला आपल्या देशातल्या एका गावासाठी मत देताना काय वाटत असेल ते मला समजू शकतं, दुबईतल्या कोल्हापूरकराला विचारा, रंकाळ्यासाठी तो रात्रभर फोन लावेल. आणि त्या गावाला त्याचा फायदाही झाला, लोक जायला लागले, धंदा वाढला. ठीक. लहान गावाला एरवी कोणी विचारत नाही, त्याचं नाव जगात गेलं तर त्यात वाईट काय?

वाईट काहीच नाही. फक्त एवढंच बघा की विगानची घरं टिकून राहिली ती १९९९ च्या आधीपासून तिथल्या लोकांनी आणि नगरपालिकेने धरलेल्या धोरणामुळे, २०१४ च्या मतांमुळे नाही. मतांनी पर्यटक आणले. पर्यटक आणणं आणि शहर सांभाळणं या दोन गोष्टी आपण सतत एक समजतो. बार्सिलोना त्या स्पर्धेत शेवटच्या चौदांत होतं, पहिल्या सातात आलं नाही, आणि दहा वर्षांनी, जुलै २०२४ मध्ये, तिथले लोक रस्त्यावर येऊन हॉटेलबाहेर बसलेल्या पर्यटकांवर पाण्याच्या पिचकाऱ्या मारत होते कारण घरभाडं परवडेना. तिथल्या मेयरने जाहीर केलं की टुरिस्टना भाड्याने देण्याच्या दहा हजारांहून जास्त फ्लॅटची लायसन्सं नोव्हेंबर २०२८ पर्यंत संपवणार. त्यांना आणखी एक बक्षीस मिळालं असतं तर कदाचित पिचकाऱ्या चार वर्षं आधी निघाल्या असत्या.

याच्या बरोबर उलटं उदाहरण म्हणजे ड्रेस्डेन, आणि हे मला या सगळ्या विषयातलं सगळ्यात इंटरेस्टिंग प्रकरण वाटतं. जर्मनीतलं हे शहर, एल्बे नदीच्या काठचा त्यांचा हिरवा पट्टा २००४ मध्ये युनेस्कोच्या यादीत आला. शहराला नदीवर आणखी एक पूल हवा होता, ट्रॅफिक तुंबत होतं. २००५ च्या फेब्रुवारीत शहरातल्या लोकांचं सार्वमत घेतलं, साधारण ६८ टक्के लोक म्हणाले पूल बांधा. युनेस्को म्हणालं पूल बांधला तर तो देखावा बिघडतो, बोगदा करा. भांडण कोर्टात गेलं. मध्येच एका दुर्मिळ जातीच्या वटवाघळांचा मुद्दा निघाला, त्यावरून काम थांबलं, मग तोडगा असा की वटवाघळं बाहेर असतात त्या महिन्यांत रात्री पुलावर गाड्यांचा वेग ताशी ३० च्या आत ठेवायचा. जर्मन माणूस वटवाघळासाठीही टाइमटेबल करतो! असो. २००९ मध्ये युनेस्कोने ड्रेस्डेनचं नाव यादीतून काढून टाकलं. २०१३ मध्ये पूल सुरू झाला, आजही गाड्या जातायत.

बरोबर केलं की चूक? मला स्वतःला वाटतं बोगदा करायला हवा होता. पण तो निर्णय घेणारे लोक त्या पुलावरून रोज जाणारे होते, ट्रॅफिक त्यांचं, देखावा त्यांचा, बिलातला वाटाही त्यांचा, आणि किताब गेला तेव्हा नाकही त्यांचंच कापलं गेलं. मग ते मत मला न पटलेलं का असेना, त्याला वजन आहे. वंडर सिटीच्या मताला ते वजन येऊच शकत नाही कारण मत देणाऱ्याचं काहीच पणाला लागलेलं नसतं. क्वालालंपूरला मत दिलं म्हणून उद्या माझ्या नळाला पाणी कमी येणार नाही. ला पाझला मत देणाऱ्या कोणालाही नोव्हेंबर २०१६ मध्ये तिथे धरणं आटून नळाला दिवसेंदिवस पाणी येईना, सरकारला आणीबाणी जाहीर करावी लागली, तेव्हा बादली घेऊन रांगेत उभं राहावं लागलं नाही. त्याच ला पाझमध्ये २०१४ च्या मे मध्ये केबल कार हीच शहराची लोकल म्हणून सुरू झाली, वरच्या एल आल्तोच्या पठारावरून कामाला उतरणाऱ्या माणसाचा तासाभराचा प्रवास मिनिटांवर आला, ते खरं आश्चर्य आहे, पण ते मतदानाने आलं नाही आणि मतदान नसतं तरी आलंच असतं.

मग कोणी म्हणेल तज्ज्ञांच्या हातात द्या सगळं. तेही नको. युनेस्कोची यादीसुद्धा काही आकाशातून पडत नाही, त्यात देशांचं राजकारण आहे, लॉबिंग आहे, युरोपला झुकतं माप आहे. पण तिथे निदान कागद लागतो. मुंबईतलं ओव्हल मैदानाच्या एका बाजूचं व्हिक्टोरियन गॉथिक आणि दुसऱ्या बाजूचं मरीन ड्राइव्हपर्यंतचं आर्ट डेको २०१८ च्या जूनमध्ये यादीत आलं ते तिथल्या रहिवाशांच्या संघटनांनी वर्षानुवर्षं चिकाटी धरली म्हणून, आभा नारायण लांबा यांच्यासारख्या कन्झर्वेशन आर्किटेक्टने डॉसिए, म्हणजे नामांकनाची फाइल, तयार केली म्हणून, आणि त्याआधी १९९५ मध्ये मुंबईला हेरिटेजचे नियम लागू झाले होते म्हणून, भारतातल्या शहरांत पहिल्यांदा. नियम नसते तर त्या ओळीतल्या निम्म्या बिल्डिंगी कधीच टॉवर होऊन बसल्या असत्या. २०२५ च्या जुलैत शिवरायांचे गड यादीत आले, अकरा महाराष्ट्रातले आणि तमिळनाडूतला जिंजी, आपण सगळ्यांनी स्टेटस ठेवले, छानच झालं. पण आता त्या प्रत्येक गडाभोवती काय बांधायचं, काय नाही, पायथ्याच्या गावाला टॉयलेट कुठे, पार्किंग कुठे, हे नियमाने ठरणार, आणि तिथे खरी परीक्षा आहे. रायगडाला ऑनलाइन पोलमध्ये एक नंबर मिळाला काय नि न मिळाला काय, त्याने एका बुरुजाचा एक चिरा हलत नाही.

आणि आता आपल्या अंगणात या. मतदान करून शहराला नंबरात आणायचा खेळ आपण पण खेळतोच की. स्वच्छ सर्वेक्षणात नागरिकांच्या फीडबॅकला मार्क असतात हे एकदा कळलं आणि आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दरवर्षी लिंक यायला लागली. आमचे सेक्रेटरी काका, माणूस देव आहे, पण त्यांनी लिंकच्या खाली उत्तरंही टाइप करून दिली होती. पहिल्याला हो, दुसऱ्याला हो, तिसऱ्याला 'नेहमी'. वर 'आपल्या शहराचा प्रश्न आहे, सगळ्यांनी भरा, भरून झालं की अंगठा दाखवा'. संध्याकाळपर्यंत अंगठ्यांची रांग लागली. त्यातल्या दोघीजणी त्याच सकाळी त्याच ग्रुपवर ओला-सुका कचरा एकाच गाडीत टाकतात म्हणून फोटो टाकून भांडत होत्या. त्यांनीही अंगठा दाखवला. मी विचारलं तर म्हणाल्या, अगं ते वेगळं, हे बाहेरच्यांना दाखवायचं असतं.

हेच ते. बाहेरच्यांना दाखवायचं. पुणं २०१८ च्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारच्या राहण्याजोग्या शहरांच्या यादीत देशात पहिलं आलं, दुसरी नवी मुंबई, तिसरी मुंबई. पुणेकर तेव्हा पहिल्यांदा स्वतःवर हसला असेल, सिंहगड रोडवर सिग्नलला उभा राहून. पण नंबर आला की मग प्रत्येक तक्रारीला तो नंबर उत्तर म्हणून वापरता येतो, हा त्याचा खरा उपयोग. एवढं वाईट असतं तर पहिला नंबर आला असता का? आला ना? मग बसा.

आणि ज्या मताने काहीतरी होऊ शकतं ते मत? मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. पुण्याचीही, ठाण्याचीही, त्याच सुमाराला. त्यानंतर जवळजवळ चार वर्षं या शहरांत एकही नगरसेवक नव्हता, प्रशासक कारभार बघत होते, वॉर्डरचना आणि आरक्षणाची भांडणं कोर्टात. देशातली सगळ्यात श्रीमंत महापालिका, तिचं हजारो कोटींचं बजेट लोकांनी निवडलेल्या एकाही माणसाने हात वर न करता मंजूर होत राहिलं. शेवटी सुप्रीम कोर्टाने मुदत घालून दिली तेव्हा १५ जानेवारी २०२६ ला २९ महापालिकांची निवडणूक झाली. या चार वर्षांत बैरुतच्या माणसाला होतं तेवढं मत आपल्याला तरी होतं का? आणि याबद्दल रस्त्यावर किती जण उतरले? ताजमहालासाठी एसेमेस करणारा, गडांसाठी स्टेटस ठेवणारा मध्यमवर्ग, म्हणजे आपणच, चार वर्षं नगरसेवक नाही हे सहज पचवून बसलो. काही जण तर म्हणत होते बरं आहे, कटकट नाही, कमिशनर काम करतो. मग मतदान गुरुवारी आलं, आदल्या दिवशी संक्रांत, शुक्रवारची एक रजा टाकली की झाले चार दिवस, आणि आमच्या त्याच ग्रुपवर गुरुवारी सकाळी शाईच्या बोटांचे फोटो आले तसे माथेरानचेही आले. अंगठेवाल्या यादीतली किती नावं त्या दिवशी बूथवर दिसली हे काकांनी मोजलं होतं, पण ग्रुपवर टाकलं नाही, कशाला भांडणं.

नुसतं पाच वर्षांनी एकदा मत देऊन शहर चालत नाही हेही खरं. ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्रेने १९८९ पासून बजेटचा काही भाग कुठे घालायचा हे वस्तीवस्तीत सभा घेऊन लोकांना ठरवू दिलं, आधी पाणी की आधी गटार हे तिथल्या बाया-बाप्ये हात वर करून सांगायचे. पुणे महापालिकेने २००६ पासून त्याच धर्तीवर नागरिकांकडून बजेटसाठी कामं मागवायला सुरुवात केली, फॉर्म भरायचा, आपल्या भागातलं छोटं काम लिहायचं, फूटपाथ, दिवा, बसस्टॉपला बाक. फार मोठं काही नाही, आणि प्रसिद्धी इतकी कमी की बहुतेकांना तारीख उलटून गेल्यावर कळतं. आणि महाराष्ट्रात २००९ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून शहरांसाठी क्षेत्रसभेची तरतूद केलेली आहे, गावाला ग्रामसभा तशी आपल्याला मतदारयादीतल्या नावावर हक्काने जाऊन बसायची सभा. ती कागदावर आहे. आता नवीन नगरसेवक निवडून आलेत, चार वर्षांनी पहिल्यांदाच कोणाचं तरी दार वाजवता येतं, तर पहिली मागणी कुठल्या चौकात आय लव्ह अमुक-तमुकची लाइटवाली अक्षरं बसवा ही नको, क्षेत्रसभा कधी घेताय याची तारीख लेखी द्या ही असू दे. काकांना मी सांगितलंय, पुढची लिंक टाकायच्या आधी हे पत्र सह्यांसाठी फिरवा. ते म्हणाले मसुदा तू लिही, लेटरहेड माझ्याकडे आहे.